पुण्यात स्वेटर कसा घालायचा, हे तो किती वाजता काढायचा यावर ठरतं

रत्नागिरीहून नोकरीसाठी पुण्यात आलेल्या एका मुलीचा प्रश्न आहे. तिचा इथला पहिलाच हिवाळा. ती लिहिते, "काकू, आमच्याकडे स्वेटर म्हणजे सहलीला जाताना कपाटातून शोधून काढायची वस्तू. इथे प्रत्येक जण तो वेगळ्याच तऱ्हेनं घालतो. घरमालक काका शर्टाच्या आतून हाफ स्वेटर घालतात. काकू साडीवर बटणांचा स्वेटर घालून फक्त वरचं एक बटण लावतात. सकाळी स्कूटरवरून जाणारे एक गृहस्थ तर पुढची बाजू मागे करून घालतात. ऑफिसातल्या मुली बाह्यांत हात न घालता नुसता खांद्यावर टाकतात. यात काही नियम आहे, की ज्याला जसं सुचेल तसं? आणि मी कोणता घेऊ?"

नियम आहे, आणि तो पुण्याच्या हवेनं घालून दिलाय.

मी सदतीस वर्षं स्वेटर विणते आहे, आधी नुसत्या सुयांवर, पुढे मशीनवरही. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत विणकामाचा वर्ग चालवला, आता सहकारनगरला मुलाच्या घरी बसून ऑर्डरी घेते. माप द्यायला कुणी आलं की छाती, उंची, बाही यांच्याआधी मी एकच विचारते, "किती वाजता काढणार?" नवखी माणसं हसतात. जुनी गिऱ्हाइकं मात्र लगेच सांगतात, "सव्वादहा. ऑफिसात पोचलो की."

उत्तरेकडे, दिल्ली-लुधियाना बाजूला, ऐन थंडीत माणूस सकाळी चढवलेला स्वेटर रात्री अंथरुणात शिरताना उतरवतो. पुण्यात ते जमणारच नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १०-११ अंशांवर असतो, थंडीची लाट आली तर ८ च्याही खाली जातो, आणि त्याच दिवशी दुपारी दोन वाजता २८-३० अंश असतात. हिवाळ्यात इथलं आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी. दिवसा तापलेली जमीन रात्रभरात सगळी ऊब आकाशाला देऊन टाकते. तुझ्या रत्नागिरीला समुद्र ती ऊब धरून ठेवतो, म्हणून तिथे पहाट आणि दुपार यांत एवढं अंतर पडत नाही. शिवाजीनगरच्या वेधशाळेत १७ जानेवारी १९३५ ला १.७ अंशांची नोंद झाली होती. (त्या वेधशाळेला जुने पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात, कारण १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून उठून इथे आलं. थंडी मोजणारी माणसं थंडीचा डोंगर सोडून पुण्यात आली, यातच काय ते समज.)

तेव्हा पुणेकराचा स्वेटर अंगात असतो तीन-चार तास. उरलेला दिवस तो अंगाच्या आसपास असतो, म्हणजे खांद्यावर, कमरेला, खुर्चीच्या पाठीवर नाहीतर स्कूटरच्या डिकीत. घालायची तऱ्हा ठरते ती काढायच्या सोयीनं. एवढं ध्यानात घेतलंस की तुझी बरीचशी कोडी सुटतील. तुझ्या घरमालकांचं एवढ्यानं सुटत नाही, त्यांच्याकडे सवडीनं येते.

आधी काकूंचं एक बटण. साडी नेसणारी, अंबाडा घालणारी बाई डोक्यातून घालायचा स्वेटर घेत नाही. डोक्यातून काढताना अंबाडा सुटतो, गजरा चुरगळतो, कुंकू कपाळभर होतं, चष्मा आधी उतरवावा लागतो आणि मंगळसूत्राची वाटी विणीत अडकून टाका ओढला जातो. एवढं सगळं रोज सव्वादहाला कोण करेल? साडीवाल्या गिऱ्हाइकानं बंद गळ्याचा स्वेटर मागितल्याचं मला दोनदाच आठवतं, आणि दोघींचेही केस कापलेले होते.

आता बटणं सगळी का नाहीत? साडीवर सगळी बटणं लावली की आत पदराचा बोळा होतो आणि पोटाशी निऱ्यांचा फुगा येतो. शिवाय विणलेलं कापड आडवं ताणलं जातं, विणकामाचा गुणच तो. दोन बटणांच्या मध्ये पट्टी तोंड उघडते आणि आतली साडी डोकावते. बरं, सगळीच उघडी ठेवली तर गुळगुळीत साडीवरून स्वेटर खांद्यावरून घसरतो. मग वरचं एक बटण, गळ्याच्या खळीपाशी. त्या एका बटणावर अख्खा स्वेटर तोलून राहतो, खांदे आणि छातीचा वरचा भाग उबदार, पोट मोकळं, आणि ऊन चढलं की एका बोटानं काम तमाम. अशा गिऱ्हाइकांच्या स्वेटरला वरच्या काजाला मी दुहेरी टाके घालते. बाकीची काजं नावापुरती असतात, काहींची तर आठ-दहा वर्षांत एकदाही वापरलेली नसतात. पट्टी तोंड उघडू नये म्हणून बटणपट्टीला आतून कापडी फीत शिवून घ्यावी. दुकानातल्या स्वेटरला ती बहुधा नसते, आपण लावावी.

पदर स्वेटरच्या आत की वर, हा दोन घराण्यांचा वाद आहे. पदर वर घेणाऱ्यांना साडी दिसायला हवी असते. त्यांचा स्वेटर पातळ, दोन प्लाय (दोन धागे पिळून केलेल्या) लोकरीचा, अंगाबरोबर बसणारा आणि कोपरापर्यंत बाहीचा लागतो, म्हणजे बांगड्या अडकत नाहीत आणि भांडी घासताना बाही ओली होत नाही. पदर आत घेणाऱ्यांना ऊब हवी असते. मी दुसऱ्या घराण्यातली, पण दिसायला पहिलं चांगलं दिसतं हे कबूल करते. लग्नात मात्र दोन्ही घराणी एक होतात. जानेवारीतल्या सकाळच्या मुहूर्ताला पैठणीवर स्वेटर चढवलेली बाई मी अजून पाहिलेली नाही. दातांवर दात वाजतील, पण काठ झाकला जाणार नाही.

या बटणांच्या स्वेटरला कार्डिगन म्हणतात, आणि त्या नावामागे एक लढाई आहे. २५ ऑक्टोबर १८५४ ला क्रिमियात बालाक्लाव्हाच्या लढाईत इंग्रजांच्या हलक्या घोडदळानं थेट रशियन तोफांवर चाल केली. त्या घोडदळाच्या पुढे होता जेम्स ब्रुडनेल, कार्डिगनचा सातवा अर्ल. विणलेल्या लोकरी जाकिटाला त्याचं नाव चिकटलं. बालाक्लाव्हा हे गावाचं नाव डोकं, कान, मान झाकणाऱ्या टोपीला मिळालं. आपण तिला माकडटोपी म्हणतो. आणि त्या इंग्रज फौजेचा सेनापती लॉर्ड रॅगलन, ज्याचा उजवा हात १८१५ साली वॉटर्लूला गेला होता, त्याच्या नावानं गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी उतरणारी बाही ओळखली जाते. भल्या पहाटे पर्वतीच्या पायऱ्यांवर रॅगलन बाह्यांचा कार्डिगन आणि माकडटोपी घातलेले आजोबा दिसले, की समज, एक अख्खी लढाई वर चढते आहे.

रॅगलन बाही लक्षात ठेव, तुला पुढे लागेल. साध्या बाहीला खांद्यावर शिवण असते. बसच्या दांड्याला हात वर धरलास की अख्खा स्वेटर पोटावरून वर येतो. रॅगलनला काखेत ढील जास्त मिळते, तो जागचा फारसा हलत नाही. केस बांधायला दोन्ही हात मागे नेणाऱ्या बायकांना मी डोळे मिटून रॅगलन सुचवते.

पुरुषांच्या कार्डिगनचं शेवटचं बटण उघडं असतं, तेही तू बघितलं असशील. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड पोट सुटल्यामुळे वेस्टकोटाचं शेवटचं बटण लावत नसे आणि दरबाऱ्यांनी त्याचं अनुकरण केलं, अशी एक गोष्ट सांगतात. ती कोटाची. स्वेटरचं कारण साधं आहे. खालचा उलट-सुलट विणीचा काठ कमरेला धरून बसतो. माणूस स्कूटरवर किंवा खुर्चीवर बसला की सगळा ताण शेवटच्या काजावर येतो, काज फाकतं आणि काठ बशीसारखा पसरतो. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या कार्डिगनांमध्ये शेवटचं काज सगळ्यात जास्त गेलेलं असतं. तेव्हा ते उघडं ठेवलेलं बरं, राजा असो वा नसो.

बटणं पुरुषांच्या स्वेटरला उजवीकडे असतात आणि बायकांच्या डावीकडे. यामागे तलवारीपासून दासींपर्यंत पुष्कळ कथा सांगतात, मला त्यातली एकही पुरती पटलेली नाही. माझ्या पहिल्याच ऑर्डरीत मी एका वयस्कर गृहस्थांच्या स्वेटरची काजं उलट बाजूला घातली. पट्टी उसवायची हिंमत झाली नाही. त्यांनी तो अकरा हिवाळे घातला. दर वेळी रस्त्यात दिसले की माझी नजर बटणांवर जायची, त्यांची कधी गेली नाही.

आता हाफ स्वेटर, म्हणजे बिनबाह्यांचा. माझं मत विचारशील तर पुण्याचा खरा पोशाख हाच. आपल्याकडे बंडी आधीपासून होतीच. तिच्याच जागी लोकर आली, एवढंच. बाही नसली की खडूची पूड, शाई, दळणाचा डबा, भाजीची पिशवी यांपासून स्वेटर वाचतो. त्यात एक काटकसरही आहे. पुरुषाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला चार प्लायची साधारण अर्धा किलो लोकर लागते, हाफला तीनशे ग्रॅमच्या आसपास भागतं. आणि विणणारीच्या संध्याकाळी वाचतात त्या वेगळ्याच, कारण दोन बाह्या सारख्या उतरवणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम. पाठ-पोट सुयांवरून उतरल्यावर "हाफच छान दिसेल तुम्हाला" असं कितीतरी बायकांनी नवऱ्याला सांगितलं असेल, मी स्वतः तीनदा सांगितलंय.

पण ऊब पुरते का? पुरते. शरीराला पहिली काळजी धडाची. धड गारठलं की शरीर हातापायांकडचं रक्त आखडतं घेतं आणि बोटं थंड पडतात. धड उबदार ठेवलं तर पुण्याच्या थंडीत उघड्या हातांचं सहसा काही बिघडत नाही. म्हणून अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर हाफ स्वेटर आणि वर कानटोपी हा वेष तुला विनोदी वाटला तरी तो अगदी बिनडोक नाही.

तुझे घरमालक तो शर्टाच्या आतून घालतात. यात शास्त्र त्यांच्या बाजूला आहे. लोकर स्वतः गरम नसते, तिच्या टाक्यांत आणि तंतूंत अडकलेली हवा ऊब धरते. ती हवा स्थिर राहिली तरच. वारा आला की विणीतून आरपार जातो आणि अडकलेली ऊब घेऊन जातो. शर्टाचं कापड मागावर घट्ट विणलेलं, त्यातून वारा कमी शिरतो. म्हणजे आत लोकर आणि बाहेर सुती कापड हीच योग्य उतरंड. पूर्वी लोक स्कूटरवर निघताना छातीशी वर्तमानपत्र घालायचे, तेही याचसाठी.

पण मग सव्वादहाला काका तो काढतात कसा? काढत नाहीत! माझा नियम इथे अडतो म्हटलं ना, तो असा. उतारवयात स्नायू कमी होतात, शरीरात ऊब कमी तयार होते, आणि जुन्या जाड भिंतींच्या तळमजल्यावरच्या घरात भर दुपारीही गारवा असतो. त्यांना तो दिवसभर लागत असेल. दुसरंही एक कारण असू शकतं. त्या स्वेटरचा रंग कोणता, ते एकदा बघ. काकूंनी प्रेमानं पोपटी किंवा राणी रंगाचा विणला असेल तर शर्टाच्या आत घालणं हा संसारातला तोडगा आहे. घातला तर पाहिजे, दिसता कामा नये. माझ्याकडून हौसेनं रंग निवडून नेलेल्या निम्म्या स्वेटरांची हीच गत झाली असणार.

उलटा स्वेटर घालणारे स्कूटरवरचे गृहस्थ तर माझे आवडते. पुढची बटणपट्टी हा वाऱ्याचा दरवाजा. बटणं लावली तरी फटी राहतात, आणि स्कूटरवर वारा नेमका तिथेच घुसतो. स्वेटर मागचा पुढे केला की छातीवर अखंड पाठ येते आणि फटी मागे जातात, जिथे वारा नाही. गळाही वरपर्यंत झाकला जातो. आणि ऑफिसच्या दारात दोन्ही हात पुढे केले की स्वेटर आपोआप सुटतो. दिसतं गबाळं, पण सकाळी सातला मुठा नदीचा पूल ओलांडताना दिसण्याची कुणाला पडलीय? फक्त उलट्या स्वेटरचा सुटा काठ किंवा नाडी चाकाकडे लोंबत नाही ना, एवढं बघावं.

पोरांच्या स्वेटरची गोष्ट तू विचारली नाहीस, पण ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मुलाचा स्वेटर नेहमी वाढत्या अंगाचा. पहिल्या वर्षी बाह्या दोनदा दुमडलेल्या, दुसऱ्या वर्षी एकदा, तिसऱ्या वर्षी बरोबर आणि चौथ्या वर्षी मनगट उघडं. चाळिशी-पन्नाशीतले कित्येक पुरुष अजून नव्या, मापाच्या स्वेटरचीही बाही दुमडतात ती त्या सवयीनं. चौथ्या वर्षी खालचा काठ उसवायचा, टाके उचलायचे आणि मिळेल त्या रंगाची लोकर घेऊन लांबी वाढवायची. तीच लोकर, तोच रंग दुकानात परत मिळायचा नाही, मिळाला तर छटा जुळायची नाही. मग मुद्दाम वेगळाच रंग घेऊन पट्टा घालायचा, म्हणजे नक्षीच वाटावी. जुन्या फोटोंमध्ये मुलांच्या स्वेटरला खाली आणि बाह्यांना पट्टे दिसतात, त्यातले बरेचसे असे आहेत. झाडाच्या खोडात वर्षांची वलयं दिसतात ना, तसे. आणि अगदीच लहान झाला की पूर्ण उसवून लच्छी करायची, वाफेवर धरून लोकर सरळ करायची आणि धाकट्याला नवा. शेंडेफळाच्या वाट्याला बहुधा चार स्वेटरांचा मिळून एक यायचा.

तान्ह्या बाळाला मात्र वाढत्या अंगाचा घालू नये, तोंडावर येतो. बाळंतविड्यात देताना बटणांऐवजी मऊ बंद असलेला स्वेटर द्यावा, तेही आखूड. बटण तुटून बाळाच्या तोंडात जाऊ शकतं, आणि लांब नाडी गळ्याभोवती गुंडाळली जाण्याची भीती असते. टोपडं विणताना गोंड्याचा मोह मी आता टाळते.

तुझ्या ऑफिसातल्या मुली. त्यांचा हिवाळा बाराही महिने एसीचा आहे. मे महिन्यात बाहेर ३९ अंश असताना हिंजवडीत खुर्च्यांच्या पाठींवर कार्डिगन लटकलेले असतात, आणि माझ्याकडे एप्रिलमध्ये ऑर्डरी येतात, जे वीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. २०१५ साली नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं होतं की कचेऱ्यांच्या तापमानाचे निकष १९६० च्या दशकातल्या हिशेबावर आहेत, आणि त्यात माणसाच्या शरीरात किती ऊब तयार होते याचा आकडा सरासरी पुरुषाचा धरलेला आहे. बायकांच्या शरीरात ती कमी तयार होते. म्हणजे शेजारचा मुलगा अर्ध्या बाह्यांत बसलेला असतो आणि तू गारठतेस, यात तुझ्या नाजूक प्रकृतीचा दोष नाही.

खांद्यावर नुसता टाकण्याचं कारणही सोपं. टंकताना बाह्यांचे काठ टेबलावर घासतात आणि तिथे गोळे येतात. मीटिंगला उठायचं तर झटकन टाकता येतो. आणि बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात, त्यामुळे कार्डिगनचा खिसा ही ओळखपत्राची आणि मोबाइलची जागा होते. हे मात्र करू नकोस. विणलेल्या खिशात मोबाइल ठेवला की महिन्याभरात ती बाजू बोटभर लांब होते. काही जणी बाह्या पुढून घालून कार्डिगन छातीवर उलटा पांघरतात, न्हाव्याच्या फडक्यासारखा. एसीचा झोत समोरून येत असेल तर तीही तऱ्हा बरोबरच आहे.

कानांचं काय? पुण्यात थंडी कानातून शिरते अशी ठाम समजूत आहे. सारसबागेतल्या तळ्यातल्या गणपतीलाही थंडीत स्वेटर आणि कानटोपी घालतात, आणि तो फोटो पेपरात आला की शहरात थंडी अधिकृत होते. शरीराची निम्मी ऊब डोक्यातून जाते असं लोक सांगतात, ते खरं नाही, डोक्याचा जेवढा आकार तेवढीच जाते. पण कानांवर चरबी फारशी नाही आणि स्कूटरवर ते थेट वाऱ्यात असतात, म्हणून ठणकतात. मफलर बांध, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सवाई गंधर्व महोत्सव रात्र रात्र चालायचा तेव्हा मंडपात स्वेटर अंगात कमी आणि गुडघ्यांवर, मांडीखाली, उशाला जास्त असायचे. मफलर मात्र सगळ्यांच्या कानांना. गाणं ऐकायला आलेल्यांनी कान बांधून बसावं, हे फक्त इथेच.

आता तू कोणता घ्यावास. समोरून उघडा, रॅगलन बाहीचा, कमरेच्या खाली चार बोटं, खिसे नसलेला. बाजारात लोकर म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं ॲक्रिलिक असतं. ते स्वस्त, धुवायला सोपं, टोचत नाही. पण ते घाम शोषत नाही आणि दुपारी चिकचिक होते. खरी लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेऊनही ओली लागत नाही. खरी लोकर टोचते असं म्हणतात, तो दोष जाड तंतूंचा. ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचे तंतू कातडीला टोचतात, मेरिनो त्याहून बारीक असते. धनगरांची घोंगडी दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीची, ती पावसात खोळ करून डोक्यावर घ्यायला उत्तम, अंगाला लागून घालायला नाही. तुझ्या बजेटात बसत असेल तर अर्धी लोकर असलेलं मिश्रण घे. आणि ॲक्रिलिकचा घेतलास तर तो घालून गॅसपाशी उभी राहू नकोस. ते वितळून कातडीला चिकटतं. सैल बाही आणि पेटता बर्नर ही जोडी मला अजिबात आवडत नाही.

नोव्हेंबरात तिबेटी स्वेटरवाले येतात, त्यांच्याकडे बघ. माल बराचसा लुधियान्याचा असतो, तेव्हा हिमालयाचा म्हणून भाव देऊ नकोस. घालून बघ, दोन्ही हात वर कर, मग खाली बस. काठ वर सरकला, बटणांत फटी पडल्या तर दुसरा माग. केव्हा घ्यायचा म्हणशील तर खोबरेल तेलाच्या बाटलीवर लक्ष ठेव. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. सकाळी बाटलीत ते पांढरं दगड झालं की स्वेटर घ्यायचा दिवस आला. त्याच तेलानं वेणीखाली स्वेटरच्या पाठीवर डाग पडतो, म्हणून वेणी पुढे घेऊन मगच अंगात घाल, नाहीतर आत कॉलरचा शर्ट घाल आणि कॉलर बाहेर काढ. कॉलर बाहेर काढणारे जुने लोक तुला गावठी वाटले असतील, ते मानेचा मळ कॉलरवर घेतात. कॉलर रोज धुता येते, स्वेटर नाही.

धुताना गार पाणी आणि रिठा. कढत पाण्यात खरी लोकर आटून घट्ट नमदा होते, मग तो धाकट्या भावालाही व्हायचा नाही. पिळू नकोस, टॉवेलमध्ये गुंडाळून दाब आणि सावलीत आडवा पसर. खुंटीला कधीच अडकवू नकोस, मानेमागे चोच येते आणि ती इस्त्रीनंही जात नाही. काखेत गोळे आले तर ओढून काढू नकोस. धारदार कात्री आडवी धरून एकेक काप, आणि टाका कापला गेलाच तर तो सुटा दोरा कापून टाकायच्या आधी मला आणून दाखव.